दोन मालकांचा पगार आणि एकच प्राप्तिकर
(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यातील व्याख्यानास शिक्षण, विवाह किंवा ज्ञातीचा पूर्वेतिहास असे विषय घ्यावयाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. या वेळी प्राप्तिकरावर बोलावे असे कार्यकारी मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा हा विषय रूक्ष आहे हे मंडळास ठाऊक नव्हते असे नाही. परंतु पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात आपल्या घराघरांतून जो नोकरदार वर्ग उभा राहिला आहे, त्याच्यापुढे जून-जुलै महिना आला की एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. वर्षात दोन ठिकाणी पगार घेतला, दोन्ही ठिकाणी कर कापला गेला नाही, कोणी काही मागितले नाही. आणि आता विवरणपत्र भरावयास बसावे तो सत्तर-ऐंशी हजारांचा भरणा निघतो, हे कसे? मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी बाजूस ठेवलेली पुंजी अशी एका दुपारी मोडावी लागते. त्यात कोणी कोणास फसविलेले नसते, हे आम्हांस आज प्रथम सांगावयाचे आहे.

एका माणसाने दोन कामे करणे ही आपणांस नवी गोष्ट नव्हे. पावसाळ्यात भातशेती, ती आटोपली की वाडी किंवा मिठागर, असे आपले वाडवडील वर्षाचे दोन तुकडे करूनच जगत आले. तथापि त्यांच्या त्या मिळकतीवर पगारपत्रक नव्हते आणि कापणारा मालकही नव्हता. पुढे तारापूरचे अणुविद्युत केंद्र सन १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने आले. सन २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत पोहोचली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. परिणाम असा की, आमच्या पिढीत एकाच दारातून नोकरीस लागून त्याच दारातून निवृत्त होणे ही सर्वसाधारण रीत होती, ती राहिली नाही. आजचा तरुण एका कारखान्यात दोन-तीन वर्षे काढतो, शेजारच्या कारखान्यात अधिक पगार दिसला की तिकडे जातो. आणि वर्षाच्या मध्यावर असा बदल झाला की त्या वर्षापुरते त्याचे मालक दोन होतात.

ठेकेदारीच्या पद्धतीने याहूनही चमत्कारिक स्थिती निर्माण केली आहे. माणूस तोच, फाटक तेच, यंत्रही तेच; परंतु ठेका बदलला आणि नव्या ठेकेदाराच्या नावाने पगार होऊ लागला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याची नोकरी बदलली. त्यास मात्र आपण कुठे गेलोच नाही असे वाटत असते! अशा कुशल कारागिरांच्या आणि पर्यवेक्षकांच्या घरी वर्षअखेर दोन-दोन फॉर्म १६ येतात व त्यांपैकी एक कपाटातच राहतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पगारावरील कर मालकाने दरमहा कापून सरकारात भरावयाचा, हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात ते होते, १९६१ च्या कायद्याच्या कलम १९२ मध्ये ते होते, आणि १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या २०२५ च्या कायद्यातही ते कायम आहे. मालक काय करतो? वर्षाच्या आरंभी तो तुमच्या वार्षिक पगाराचा अंदाज बांधतो, त्यातून प्रमाणित वजावट काढतो, उरलेल्या रकमेवर कर मोजतो आणि त्याचे मासिक हप्ते पाडतो. हे करताना एक गोष्ट तो गृहीत धरतो, ती ही की, या माणसास माझ्यावाचून दुसरा मालक नाही. दुसरा मालक आला की तोही हेच गृहीत धरतो. म्हणजे कायद्याने एकदाच द्यावयाची सवलत हिशेबात दोनदा दिली जाते. आणि वर्षअखेर दोन्ही पगारांची बेरीज झाली की दुसऱ्यांदा दिलेली सवलत परत मागितली जाते. भरणा निघतो तो इथून.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. सन २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, आणि पुढे क्रमाने चढत ३० टक्क्यांपर्यंत. नोकरदारास प्रमाणित वजावट ७५,००० रुपये. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर करात पूर्ण सूट.

समजा, आपल्यातील एक रसायन अभियंता एप्रिल ते सप्टेंबर एका कारखान्यात दरमहा १ लाख रुपये पगारावर होता. त्याचा मालक वर्षाचा अंदाज १२ लाखांचा धरील, वजावट काढून ११,२५,००० उरतील, आणि सूट असल्यामुळे तो कर कापणार नाही. त्याने योग्यच केले. ऑक्टोबरात हा गृहस्थ दुसऱ्या कारखान्यात १,३०,००० रुपयांवर गेला. नव्या मालकापुढे सहा महिन्यांचे ७,८०,००० एवढेच आहेत, वजावटीनंतर ७,०५,०००. त्यानेही काही कापले नाही, आणि त्याला जे ठाऊक होते त्यावरून त्यानेही योग्यच केले. परंतु दोन्ही मिळून पगार झाला १३,८०,०००. वजावट एकदाच मिळते, ती काढून १३,०५,००० राहिले. हे १२ लाखांच्या वर गेल्यामुळे सूट संपली. कर ७५,७५०, त्यावर ४ टक्के उपकर ३,०३०, एकूण ७८,७८० रुपये.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. ते अर्धेच खरे आहे. ही सूट माणसाच्या एकूण उत्पन्नास आहे, प्रत्येक मालकाकडील पगारास वेगवेगळी नाही. आणि उत्पन्न त्या मर्यादेच्या बरेच वर गेले की कर बारा लाखांच्या पुढील रकमेवर न लागता चार लाखांच्या पुढील सर्व रकमेवर टप्प्याटप्प्याने लागतो. मर्यादा थोडक्यातच ओलांडली असेल तर कायद्याने काही दिलासा ठेवला आहे, पण वरील उदाहरणात तो लागू होत नाही. उलटपक्षी, ज्यांचे दोन्ही पगार मिळून पावणेतेरा लाखांच्या आत आहेत व अन्य उत्पन्न नाही, त्यांनी भ्यावयाचे कारण नाही. त्यांस कर लागणार नाही. परंतु विवरणपत्र त्यांनीही भरलेच पाहिजे.

या अभियंत्याने जुलैमध्ये रक्कम भरली तरी प्रकरण तेवढ्यावर मिटत नाही. ज्याचा कापून उरलेला कर १०,००० रुपयांवर जातो त्याने तो वर्ष चालू असतानाच, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा चार हप्त्यांनी आगाऊ भरावयाचा असतो. तो न भरल्याबद्दल दोन प्रकारचे व्याज लागते, आणि ते या उदाहरणात सुमारे सात हजारांच्या घरात जाते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर व्याजाच्या हिशेबात चालत नाही.

मग यावर कायद्याने उपाय ठेवला आहे की नाही? ठेवला आहे, व तो साधा आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम १९२ मध्येच अशी तरतूद होती की, ज्याने वर्षात एकामागून एक किंवा एकाच वेळी अनेक मालकांकडे नोकरी केली असेल, त्याने आपल्या पसंतीच्या एका मालकास दुसरीकडील पगाराचा व तेथे कापलेल्या कराचा तपशील विहित नमुन्यात द्यावा; आणि तो मिळाल्यावर त्या मालकाने दोन्ही पगार एकत्र धरून कर कापलाच पाहिजे. हा नमुना १२-ब या क्रमांकाने कारखान्यांच्या हिशेबखात्यांत ओळखला जात असे. कायदे व नियम बदलले की नमुन्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून नमुना क्रमांकावरून न मागता त्याच्या कामावरून मागावा. ‘आधीच्या मालकाकडील पगाराचा तपशील द्यावयाचा आहे’ एवढे म्हटले की हिशेबनीस समजतो. आपल्या अभियंत्याने ऑक्टोबरात हे केले असते, तर नव्या मालकाने त्याच्या सहा पगारांतून दरमहा १३,१३० रुपये कापले असते. रक्कम थोडी नाही हे खरे. पण ती पगारातून सहा वेळा गेली असती, साठविलेल्या पैशांतून एकदम गेली नसती, आणि व्याजाचा बोजा तर टळलाच असता.

व्यवहारातील एक अडचण येथे सांगून ठेवतो. ऑक्टोबरात नोकरी सोडणारास जुना मालक फॉर्म १६ त्याच दिवशी देत नाही. तो वर्ष संपल्यावर, पुढील १५ जूनपर्यंत द्यावयाचा असतो. म्हणून सोडतानाच एप्रिलपासूनच्या सर्व पगारपत्रिका, तसेच हिशेबखात्याने काढलेला कराचा तक्ता मागून घ्यावा. कारखान्याचा दरवाजा एकदा मागे पडला की हे कागद मिळविणे किती कष्टाचे होते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांस सांगावयास नको. ठेकेदाराकडील कामगारांनी तर ते दरमहाच घ्यावेत. कारण ठेकेदार ठेका संपल्यावर कोठे शोधावा, हा प्रश्नच असतो.

आता दुसरा प्रकार, एकाच वेळी दोन नोकऱ्यांचा. त्याविषयी आधी एक इशारा. एका कारखान्यात पाळी करून त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात पाळी करणे, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६० ने, काही अपवाद सोडता, निषिद्ध केले होते. आणि २०२० च्या श्रमसंहितेने तोच निर्बंध पुढे चालविला आहे. पाठीला पाठ लावून दोन पाळ्या करणारा माणूस रसायनांच्या टाकीजवळ उभा असावा, हे कोणासही परवडणारे नाही. तेव्हा आम्ही येथे बोलत आहोत ते दिवसा कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम करून सायंकाळी महाविद्यालयात शिकविणारे, किंवा तत्सम दुसरे रास्त काम करणारे यांच्याविषयी.

समजा, एक भगिनी औषधांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत दरमहा ९०,००० रुपयांवर आहे आणि एका महाविद्यालयात अंशकालीन नोकरीवर ३०,००० रुपये घेते. वर्षाचे १४,४०,०००. एकही मालक कर कापणार नाही, कारण प्रत्येकापुढील आकडा मर्यादेच्या आतला आहे. वस्तुतः वजावटीनंतर १३,६५,००० वर कर व उपकर मिळून ८८,१४० रुपये होतात. तिने एप्रिलमध्येच कारखान्यास महाविद्यालयाचा पगार कळविला, तर दरमहा ७,३४५ रुपये कापले जाऊन मार्चअखेर हिशेब चुकता होतो. कोणत्या मालकास कळवावयाचे हे तिने ठरवावयाचे आहे. जेथे पगार मोठा व हिशेबखाते व्यवस्थित, तेथे कळविणे शहाणपणाचे.

विलायतेत काही घरांतील मुले-मुली आहेत, त्यांच्या माहितीसाठी थोडे विषयांतर करतो. तेथे १९४४ पासून पगारातून कर कापण्याची जी पद्धत चालू आहे, तीत सरकार प्रत्येक नोकरीस एक सांकेतांक देते. १२५७-एल हा नेहमीचा सांकेतांक. त्याचा अर्थ १२,५७० पौंडांची करमुक्त रक्कम या नोकरीत धरावी. दुसऱ्या नोकरीस बहुधा बी-आर हा सांकेतांक मिळतो, म्हणजे तेथे पहिल्या पौंडापासून २० टक्के कापावे. नोकरी सोडताना जुना मालक पी-४५ नावाचा कागद देतो, तो नव्याकडे दिला की हिशेब आपोआप पुढे चालतो. तेथील तक्रार म्हणून उलटी असते. सांकेतांक चुकला तर दुसऱ्या नोकरीत प्रमाणाबाहेर कर जातो आणि तो परत मागावा लागतो. आपल्याकडे असा सांकेतांक नाही. पॅन आहे, परंतु तो माणसाची ओळख सांगतो. कोणत्या नोकरीत किती सूट धरावी हे सांगत नाही. ते आपले आपण सांगावयाचे असते, आणि न सांगितल्यास आपल्याकडे कर कमी जातो. कमी गेलेला कर गोड वाटतो, हाच त्यातील धोका होय.

लोक का सांगत नाहीत, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. प्रत्येक वेळी ते अज्ञान नसते. जुना पगार कळला तर नवा मालक पगारवाढीच्या वेळी हात आखडता घेईल, अशी भीती असते. सायंकाळची शिकवणी दिवसाच्या मालकास कळू नये, असेही वाटते. या भीतीस आम्ही हसणार नाही. काही ठिकाणी ती सकारण असते. परंतु मग हे नीट समजून घ्यावे की, मालकास कळविणे ही कायद्याने दिलेली सोय आहे, सक्ती नव्हे. ज्यास कळवावयाचे नाही त्याने दोन्ही पगारांची बेरीज स्वतः करावी, येणारा कर काढावा, आणि आगाऊ कराच्या चलनाने तो १५ मार्चपूर्वी स्वतः भरावा. ती तारीख चुकली तर निदान ३१ मार्चपूर्वी भरावा. मालकापासून गुपित राखता येते. सरकारपासून ते राहत नाही, कारण दोन्ही मालक पगाराची व कपातीची विवरणे तुमच्या पॅन क्रमांकावर पाठवितात आणि नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात ती एकत्र पाहावयास मिळतात. आपण स्वतःही ती पाहू शकतो. जुलैत विवरणपत्र भरण्यापूर्वी ती पाहणे आणि आपल्याजवळील दोन्ही फॉर्म १६ शी ताडून घेणे, हे तासाभराचे काम आहे. ताडताना प्रमाणित वजावट दोन्ही कागदांत दिसेल. ती बेरजेतून एकदाच घ्यावी.

काही वेळा याच्या उलटही दिसते. पगारपत्रिकेत कपात आहे, आणि खात्याच्या नोंदीत ती नाही. अर्थात मालकाने कापलेला पैसा भरलाच नाही. असा प्रसंग आल्यास घाबरून दुसऱ्यांदा भरू नये. पगारातून कापला गेलेला कर पुन्हा कामगाराकडून वसूल करू नये, असे कायद्याचेच वचन होते व आहे. मात्र कापल्याचा पुरावा आपल्याजवळ हवा. आणि तो पुरावा म्हणजे पुन्हा त्या पगारपत्रिकाच.

वेतन आणि मानधन यांतील भेदही पुष्कळांस ठाऊक नसतो. दोन-तीन कारखान्यांच्या दवाखान्यांत ठरावीक दिवशी जाणारे डॉक्टर, सल्लागार म्हणून नेमलेले निवृत्त अभियंते, यांना बहुधा पगार मिळत नाही, फी मिळते. त्यातून १० टक्के कापले जातात, आणि ‘कर भरला’ अशी त्यांची समजूत होते. तो कर नव्हे, कराची उचल आहे. त्या फीला प्रमाणित वजावट नाही, तिचे विवरणपत्रही वेगळे, आणि ती पगारात मिळवून जो दर येईल तो खरा. एक नोकरी आणि एक फी असे ज्यांचे असेल, त्यांनाही फीची रक्कम पगार देणाऱ्या मालकास कळवून अधिक कपात करून घेता येते.

व्यवसाय कराचे थोडक्यात सांगतो. राज्याचा हा कर माणसामागे वर्षास २,५०० रुपयांहून अधिक असू शकत नाही. एकाच वेळी दोन मालक तो कापीत असतील तर एकीकडे तो भरला जात असल्याचे प्रमाणपत्र दुसरीकडे द्यावे.

भविष्य निर्वाह निधीवर मात्र आम्हांस थोडे थांबावयाचे आहे, कारण बोईसरमध्ये नोकरी बदलली की निधी काढून घ्यावयाचा, अशी जणू वहिवाटच पडली आहे. दोन महिने बेकारीत काढणाऱ्या घरास त्या पैशाचा आधार वाटतो, हे आम्ही जाणतो. तथापि सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी काढलेला निधी सर्वसाधारणतः करपात्र ठरतो, आणि रक्कम ५०,००० किंवा अधिक असली तर १० टक्के कापूनच हाती येतो. हीच रक्कम नव्या मालकाकडील खात्यात वर्ग केली, तर जुन्या नोकरीची वर्षे त्या पाचांत मोजली जातात. तीन वर्षे एकीकडे आणि दोन वर्षे दुसरीकडे केलेल्या माणसाची पाच वर्षे भरतात. निधी मध्येच काढलेल्याची भरत नाहीत. दोन मालकांच्या वर्षात निधीची ही रक्कम पगारात मिळाली, म्हणजे वर सांगितलेली मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि जुलैतील भरणा आणखी फुगतो.

जुलैचा हा भरणा पाहून गोंधळलेल्या माणसाकडे कोणी तरी येऊन सांगतो की, काळजी नको, आम्ही कर शून्य करून देतो, वर परतावाही आणतो. आमचा वाटा तेवढा द्या. नसलेले घरभाडे, न दिलेली देणगी, न घेतलेले कर्ज अशा वजावटी लिहून हे साधले जाते. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर अशा खोट्या वजावटींविरुद्ध तपासणीची मोहीम काढल्याचे जाहीर केले. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही त्यात नमूद होते. विवरणपत्रावर सही आपली असते, मध्यस्थाची नव्हे.

ज्यांच्याकडून मागील वर्षी एखादा फॉर्म १६ हिशेबात घ्यावयाचा राहिला असेल, त्यांना अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुभा आहे. मुदत आता चार वर्षांची आहे. पण पहिल्या वर्षात भरल्यास कर व व्याज यांवर २५ टक्के अधिक, पुढे ५०, ६० आणि ७० टक्के, असा तो जिना आहे. म्हणून कपाटातील कागद येत्या सुटीतच काढावेत. दोन्ही फॉर्म १६, मार्चपर्यंतच्या पगारपत्रिका आणि खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणाची छापील प्रत एवढे समोर असले, म्हणजे कोणाही जाणत्या हिशेबनिसास उत्तर देण्यास अर्धा तास पुरतो.